टनाच्या मुलखातला ग्रॅमचा धागा

गाळप हंगामात घोडेगावहून शनिशिंगणापूरमार्गे सोनईकडे निघालं, की रस्ता उसाच्या मालकीचा असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मध्येच रमतगमत चाललेल्या बैलगाड्या, कडेला सांडलेली टिपरं आणि ती चघळत उभी असलेली पोरं. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी नेवासे तालुक्यात पोचलं, पाण्यामागून ऊस आला, आणि यशवंतराव गडाखांच्या पुढाकाराने सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून इथली मोजायची भाषा टनाची. एकरी किती टन, रोजचं गाळप किती टन, टनाला भाव किती.

गव्हाणीत पडलेल्या एका टनाचं पुढे काय होतं, ते कुठल्याही साखर कारखान्यात सारखंच असतं. त्यातून १०० ते ११० किलो साखर निघते, ४० किलोच्या आसपास मळी म्हणजे मोलॅसिस, ३०-४० किलो प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, आणि २८० ते ३०० किलो बगॅस म्हणजे चिपाड. बगॅसमध्ये निम्मं पाणी धरलं आणि उरलेल्या कोरड्या भागात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज धरलं, तर टनामागे साठेक किलो सेल्युलोज होतं. ते बॉयलरमध्ये जातं. त्याच्या आगीवर पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, कारखाना चालतो. म्हणजे सेल्युलोज ह्या गावाला नवीन नाही. इथे ते हंगामभर रात्रंदिवस जळत असतं.

ह्या लेखाचा विषय मात्र न जळणारं, ग्रॅमवर मोजायचं सेल्युलोज आहे. ते ऊस बनवत नाही, कापूस बनवत नाही. ते एक जिवाणू बनवतो, आणि त्याला लागते ती साखर.

उघडा धागा

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची एक सरळ, लांबलचक माळ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पाय्याँ यांनी १८३८ साली वनस्पतींच्या पेशीभित्तींतून ती वेगळी काढली. वनस्पतीत ही माळ एकटी कधीच भेटत नाही. लाकडात, बगॅसमध्ये, कडब्यात तिच्याभोवती लिग्निन आणि हेमिसेल्युलोज घट्ट लिंपलेलं असतं. कागद कारखान्यात कॉस्टिक, वाफ आणि ब्लीच यांचा जो खटाटोप चालतो, तो हे लिंपण काढण्यासाठीच. कापूस त्या मानाने सोज्वळ. त्याच्या तंतूत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. म्हणून तर कापसाच्या तंतूवर काम करायला मुंबईत माटुंग्याला १९२४ साली जी प्रयोगशाळा निघाली, ती आज सिरकॉट या नावाने नॅनोसेल्युलोजपर्यंत पोचली आहे.

जिवाणूचं सेल्युलोज ह्या दोघांच्या पुढे जातं. त्यात लिग्निन नाही, हेमिसेल्युलोज नाही, पेक्टिन नाही. रासायनिक घडण कापसाचीच, पण तंतू कितीतरी बारीक. जिवाणूच्या अंगातून निघणारी फीत साधारण ४० ते १०० नॅनोमीटर रुंद असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा अब्जावधी फितींचं जाळं विणलं गेलं, की त्यात पाणी अडकून बसतं. ताज्या थरात ९८-९९ टक्के पाणी असतं, तरीही तो हातात धरता येतो, ओढला तर चटकन फाटत नाही.

ह्याचा शोध लागला बिअरच्या गावात. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट इथल्या दारूभट्टीत काम करणारे एड्रियन ब्राउन यांनी १८८६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शिरक्यावर, म्हणजे व्हिनेगरवर, कधीकधी एक चिवट थर धरतो हे लोकांना शेकडो वर्षं ठाऊक होतं. ब्राउन यांनी त्या थरातला जिवाणू वेगळा केला आणि मग खरा प्रश्न विचारला: हा थर कशाचा आहे? तांब्याच्या अमोनियायुक्त द्रावात तो विरघळतो का, हे त्यांनी पाहिलं, कारण त्या काळी सेल्युलोज ओळखायची ती कसोटी होती. थर कसोटीला उतरला. एक सूक्ष्म जीव झाडासारखं सेल्युलोज बनवतो, ही गोष्ट अशी सिद्ध झाली.

त्या जिवाणूला पुढे अ‍ॅसिटोबॅक्टर झायलिनम म्हणत. १९९७ नंतर त्याचं नाव ग्लुकोनअ‍ॅसिटोबॅक्टर झालं, आणि २०१२ साली जपानी शास्त्रज्ञ काझुओ कोमागाटा यांच्या सन्मानार्थ कोमागाटाइबॅक्टर. जुने निबंध शोधताना ही तिन्ही नावं हाताशी ठेवावी लागतात.

बेण्याच्या टाकीतला भाऊबंद

अ‍ॅसिटोबॅक्टर हे नाव नेवासे-राहुरीच्या ऊस उत्पादकाला प्रयोगशाळेतून नव्हे, कृषी सेवा केंद्रातून ठाऊक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे: बेण्याला आधी बुरशीनाशक आणि कीटकनाशकाची प्रक्रिया करायची, मग हेक्टरी १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारं जिवाणूखत १०० लिटर पाण्यात कालवून त्यात टिपऱ्या अर्धा तास बुडवायच्या आणि लागण करायची. नत्राची निम्मी आणि स्फुरदाची पाव बचत होते, असं ही शिफारस सांगते.

हा अ‍ॅसिटोबॅक्टर सेल्युलोजवाल्याचा भाऊबंद. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर आणि कॅव्हल्कान्ते यांनी १९८८ साली त्याची ओळख करून दिली. तो उसाच्या आत राहतो आणि हवेतला नत्र बांधतो. सेल्युलोज बनवणारा नत्र बांधण्यासाठी नव्हे, थर धरण्यासाठी प्रसिद्ध. पण कूळ एकच. दोघांनाही गोड आवडतं, आंबट सोसतं, आणि दोघांनाही हवा लागते. पिकून फुटलेली फळं, आंबलेली नीरा, उसाचा शिळा रस, शिरक्याचं भांडं, ही ह्या कुळाची वहिवाटीची ठिकाणं. पुण्या-मुंबईच्या कॅफेंत हल्ली कोंबुचा नावाचा आंबवलेला चहा मिळतो. त्याच्या बरणीत तरंगणारी जाड चकती हे ह्याच कुळाचं काम.

बरणीत काय घडतं

जिवाणूला सेल्युलोज बनवायला लावणं अजिबात अवघड नाही. इस्रायलमधले हेस्ट्रिन आणि श्राम यांनी १९५४ साली दिलेलं पोषकद्रव्य आजही जगभर वापरतात. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन, ५ ग्रॅम यीस्टचा अर्क, २.७ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट आणि १.१५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. हे निर्जंतुक करायचं, गार झाल्यावर विरजण घालायचं, रुंद तोंडाच्या भांड्यात ओतायचं, तोंडावर कापड किंवा कापसाचं बूच लावायचं आणि २८ ते ३० अंशांना ठेवून द्यायचं. भांडं हलवायचं नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम.

पहिल्या दिवशी द्रव नुसता गढूळ होतो. मग पृष्ठभागावर तापलेल्या दुधावर धरते तशी एक पातळ साय दिसू लागते. भांडं किंचित कललं तर ती सुरकुतते. तीन-चार दिवसांत सुरकुत्या जातात आणि भांड्याच्या आकाराची घट्ट, अर्धपारदर्शक चकती तयार होते. काठाला ती भांड्याला चिकटलेली असते, खाली तांबूस द्रव असतो. जिवाणूला प्राणवायू लागतो आणि तो पृष्ठभागावरच मिळतो. म्हणून नवा थर नेहमी वरच्या बाजूला धरतो आणि जुना खाली ढकलला जातो. आठ-दहा दिवसांत एक सेंटिमीटरभर जाडी होते. चौकोनी ट्रे घेतला तर चौकोनी वडी, गोल भांडं घेतलं तर गोल.

चकती बाहेर काढली की ती बुळबुळीत, पिवळट आणि शिरक्याच्या वासाची असते. तिच्यात मेलेले-जिते जिवाणू अडकलेले असतात, पोषकद्रव्याचा रंग भिनलेला असतो. मग तिला सौम्य कॉस्टिकमध्ये, ०.१ ते ०.५ नॉर्मल, ८०-९० अंशांना तापवतात. पाणी आधी चहासारखं तांबडं होतं. ते ओतून नवं घ्यायचं, पुन्हा तापवायचं. चकती हळूहळू फिकट होते, मग पांढरी, मग जवळजवळ पारदर्शक. त्यानंतर पाण्याचा सामू ७ वर येईपर्यंत धूत राहायचं. हे धुणंच कंटाळवाणं, आणि घाईत पुष्कळांचं इथेच फसतं. का, ते पुढे येईल.

आता ही सेंटिमीटरभर जाडीची चकती काचेवर पसरून सुकवली, तर उरतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ कागद. बाकी सगळं पाणी होतं. आणि हा कागद एकदा कडक वाळला, की पुन्हा पाण्यात घातला तरी पहिल्यासारखा फुगत नाही. सुकताना तंतू एकमेकांना असे बिलगतात, की त्यांच्यातली जागा कायमची मिटते. जखमेवर ओली चकती हवी असेल तर ती मुळात वाळू द्यायचीच नाही. जाळी तशीच राखून कोरडी हवी असेल तर गोठवून, निर्वातात बर्फाची सरळ वाफ करून सुकवायची. सुकवायची पद्धत बदलली की तोच माल वेगळा होतो.

एक जिवाणू, ताशी दहा कोटी

हा जीव लांबीने दोन-चार मायक्रोमीटरचा. त्याच्या अंगाच्या लांबीवर एका ओळीत ५० ते ८० भोकं असतात. आत ग्लुकोजवर दोन-तीन प्रक्रिया होऊन तो यूडीपी-ग्लुकोज या रूपात येतो, सेल्युलोज सिंथेज नावाचं विकर एकेक रेणू माळेत ओवतं, आणि माळ भोकातून बाहेर पडते. शेजारशेजारच्या माळा बाहेर येताच एकमेकींना चिकटतात, त्यांच्या फिती होतात. अमेरिकेतले माल्कम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. फीत मिनिटाला साधारण दोन मायक्रोमीटर या वेगाने लांबत जाते आणि तिच्या रेट्याने जिवाणू उलट्या दिशेला सरकतो. एक जिवाणू तासाला दहा कोटींपर्यंत ग्लुकोजचे रेणू माळेत ओवू शकतो.

एवढा खर्च तो कशासाठी करतो? तरंगत राहून हवा मिळवण्यासाठी, हे एक उत्तर. विल्यम्स आणि कॅनन यांनी १९८९ साली सफरचंदाच्या फोडींवर प्रयोग करून आणखी दोन पुढे केली: थर असला की जिवाणूला फळावर बस्तान बसवता येतं, आणि अतिनील किरणांपासून आडोसा मिळतो.

ह्याच जिवाणूने जीवशास्त्राला एक अनपेक्षित देणगी दिली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमान यांचा गट हे विकर कशाने चालू होतं, ते शोधत होता. १९८७ साली त्यांना सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा एक छोटा रेणू सापडला. पुढे कळलं की असंख्य जिवाणू हाच रेणू निरोप म्हणून वापरतात. पोहत फिरायचं की एका जागी थर धरून राहायचं, हे ठरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कॅथेटरमध्ये धरणारे जंतूंचे हट्टी थर समजून घेताना डॉक्टरांना आज जे ज्ञान लागतं, त्याची एक मुळी ह्या शिरक्याच्या बरणीत आहे.

उतारा

साखरपट्ट्यात कुठलीही नवी गोष्ट सांगा, पहिला प्रश्न उताऱ्याचा येतो. तो करून पाहू.

ग्लुकोजचा रेणूभार १८०. माळेत ओवताना पाण्याचा एक रेणू सुटतो, म्हणून माळेतला मणी १६२ चा. म्हणजे १०० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९० ग्रॅम सेल्युलोज. लिटरमधल्या २० ग्रॅमचे १८. हा झाला कागदावरचा उतारा. प्रत्यक्षात स्थिर भांड्यात लिटरमागे दोन-चार ग्रॅम कोरडं सेल्युलोज हाती लागलं तर प्रयोग चांगला झाला म्हणायचं. टक्क्यात १० ते २०.

बाकी ग्लुकोज कुठे गेला? काही जिवाणूच्या अंगात आणि श्वासात. काही न वापरता तसाच राहिला. आणि पुष्कळसा आम्लात गेला, कारण हा मुळात आम्ल बनवणाऱ्यांच्या कुळातला. ग्लुकोज दिसला की त्याचं ग्लुकॉनिक आम्ल करून टाकायची त्याला खोड आहे. आम्ल वाढलं की सामू घसरतो, सामू फार घसरला की विणकाम मंदावतं. थोडा अल्कोहोल घातला तर कित्येक जातींत उतारा सुधारतो, कारण ऊर्जेची गरज अल्कोहोलवर भागते आणि साखर माळेसाठी उरते.

मग भांडं हलवून, हवा खेळवून मोठ्या टाकीत का करत नाहीत? करतात, पण तिथे वेगळीच अडचण येते. ह्या जिवाणूंत अधूनमधून सेल्युलोज न बनवणारे फुकटे निपजतात. स्थिर भांड्यात फुकटा बुडतो, त्याला हवा मिळत नाही, तो मागे पडतो. हलत्या टाकीत मात्र सगळ्यांना सारखी हवा. तिथे न विणणाऱ्याची साखर वाचते, तो भराभर वाढतो आणि बघता बघता टाकीभर पसरतो. शिवाय हलत्या द्रवात सलग चकती धरत नाही, गोळ्या किंवा तंतूंचे पुंजके होतात.

ह्याच हलत्या द्रवातल्या सेल्युलोजवर महाराष्ट्रात नेटाने काम झालं ते जळगावला. तिथल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (आताचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) भावना मोहिते आणि सतीश पाटील यांनी ग्लुकोनअ‍ॅसिटोबॅक्टर हान्सेनी या जातीचा एनसीआयएम २५२९ हा वाण घेतला. एनसीआयएम म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह. संशोधकाला खात्रीचा, क्रमांक असलेला वाण तिथून मिळतो. २०१३ साली जळगावच्या गटाने हलत्या स्थितीत उत्पादन वाढवण्यावर निबंध प्रसिद्ध केला. २०१४ साली त्याच सेल्युलोजची भौतिक, संरचनात्मक, यांत्रिक आणि औष्णिक ओळख मांडली, आणि सांडपाण्यातले प्रदूषक शोषून घ्यायला ते कितपत उपयोगी पडतं हेही तपासलं. कापसाच्या जिल्ह्यात कापसाशिवायचं सेल्युलोज, आणि त्यातही बनवण्यावर जेवढा भर तेवढाच ओळख पटवण्यावर.

ओळख कशी पटवायची

ह्या दुसऱ्या भागाबद्दल आपल्याकडे घाई होते. भांड्यावर थर आला, फोटो काढला, सेल्युलोज तयार, असं होत नाही. कारण जिवाणू अनेक प्रकारचे चिकट पदार्थ बनवतात.

साखर कारखान्याला हे वेगळं शिकवायला नको. ऊस तोडून वेळेत गाळपाला आला नाही, उन्हात पडून राहिला, तर त्यात ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. तीही ग्लुकोजचीच माळ, पण मण्यांची जोडणी वेगळी. रस चिकट होतो, गाळण रखडते, साखरेचे दाणे लांबट पडतात. आणि सगळ्यात बेरकी गोष्ट म्हणजे डेक्स्ट्रान ध्रुवित प्रकाश साखरेसारखाच उजवीकडे वळवतं, तोही जास्त जोराने. त्यामुळे पोलारिमीटर त्यालाही साखर समजतो. आकडा वाढलेला दिसतो, पोत्यात साखर तेवढी भरत नाही. ग्लुकोजची एक जोडणी फिरली की कारखान्याचं नुकसान करणारा पदार्थ होतो, दुसरी असली की जखमेवर बांधायचं कापड. डोळ्यांना दोन्ही सुरुवातीला बुळबुळीतच दिसतात.

म्हणून कसोट्या लागतात, आणि त्या क्रमाने लावाव्या लागतात. पहिली गरम कॉस्टिकची. इतर बरेचसे चिकट पदार्थ आणि जिवाणूंची प्रथिनं त्यात निघून जातात, सेल्युलोज टिकतं. दुसरी सेल्युलेज विकराची. थराचा तुकडा त्यात ठेवला आणि तो विरून ग्लुकोज सुटला, तर सेल्युलोज असल्याचा चांगला पुरावा मिळाला. ह्या दोन्ही कसोट्या कुठल्याही महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होतात.

पुढच्या कसोट्यांना यंत्रं लागतात. इन्फ्रारेड वर्णपटात (आकडे प्रति सेंटिमीटर तरंगसंख्येचे) सेल्युलोजच्या खुणा ठरलेल्या आहेत: ३३४० च्या आसपास हायड्रॉक्सिल गटाचा रुंद पट्टा, २९०० ला कार्बन-हायड्रोजन, ११६० आणि १०६० च्या दरम्यान कार्बन-ऑक्सिजनचे बंध, आणि ८९७ ला मण्यांमधल्या बीटा जोडणीची बारीकशी खूण. इथेच घाईच्या धुण्याचं पितळ उघडं पडतं. १६४० ला अडकलेल्या पाण्याचा पट्टा असतोच, पण १५४० जवळही उंचवटा दिसला तर ती मेलेल्या जिवाणूंची प्रथिनं. आलेख गुपचूप सांगतो, की चकती पांढरी झाली होती, स्वच्छ झाली नव्हती.

मग क्ष-किरण विवर्तन. माळा किती शिस्तीत रचल्या आहेत, ते त्यातून कळतं. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरले तर १४.५, १६.८ आणि २२.७ अंशांच्या आसपास शिखरं येतात. १९५९ साली सेगल आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं एक सोपं सूत्र त्यावरून स्फटिकतेचा टक्का देतं. जिवाणूच्या सेल्युलोजमध्ये तो बहुधा ६० ते ८० च्या घरात किंवा त्याहून वर असतो. सूत्र सोपं असल्यामुळे ते टक्का जरा चढाच दाखवतं, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे पद्धत न पाहता शेजारी मांडू नयेत. १९८४ साली व्हँडरहार्ट आणि अटाला यांनी न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सने दाखवलं, की नैसर्गिक सेल्युलोजची स्फटिकरचना एक नसून दोन रचनांचं मिश्रण असते. कापसात एक वरचढ, जिवाणूत दुसरी. आणि धुताना कॉस्टिक फार तीव्र घेतलं तर मूळ रचना मोडून तिसरीच तयार होते, शिखरांची जागाच बदलते. साफ करण्याच्या भरात मालच बदलला, असं होऊ शकतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जाळी दाखवतो. औष्णिक पृथक्करण सांगतं, की शंभर अंशांच्या आसपास पाणी गेलं आणि ३०० च्या पुढे माळ तुटू लागली. ताणयंत्र किती जोराला तुटलं ते सांगतं. पाणी धरण्याची क्षमता साध्या तराजूवर मोजता येते. चांगल्या चकतीत ती कोरड्या वजनाच्या शंभरपट असू शकते.

कोण विकत घेतं

जगात ह्या पदार्थाची बाजारपेठ पहिल्यांदा खाऊ म्हणून तयार झाली. फिलिपिन्समध्ये तेओदुला कालाव आफ्रिका यांनी १९४९ साली नारळपाण्यावर ही चकती वाढवून, तुकडे करून, पाकात घालून नाता दे कोको बनवलं. १९९३ च्या सुमारास जपानला त्याचं वेड लागलं आणि फिलिपिन्सच्या नारळउत्पादकांकडे मागणीचा पूर आला. आपल्याकडे मॉलमध्ये मिळणाऱ्या लीची जेलीच्या कपांत जे चिवट चौकोनी तुकडे दातांखाली येतात, ते पुष्कळदा हेच.

दुसरं टोक सोनीचं. १९८९ साली आलेल्या एमडीआर-आर१० या महागड्या हेडफोनचा पडदा जिवाणूच्या सेल्युलोजचा होता. पडदा हलका आणि ताठ हवा, पण स्वतः खणखणायला नको. हे दोन्ही गुण त्यात एकत्र सापडले. तिसरं क्षेत्र जखमेचं. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकापासून बायोफिल नावाने भाजलेल्या त्वचेवर लावायचे पापुद्रे बनले. ते ओलावा राखतात, जखमेला चिकटून ओरबाडत नाहीत, आणि पातळ असल्यामुळे खालची जखम दिसत राहते. केरळातल्या मलाई या उद्योगाने नारळपाण्यावर वाढवलेल्या सेल्युलोजपासून चामड्याला पर्याय तयार केला, त्याच्या पिशव्या-पाकिटं झाली.

ह्या चारही मालांत एक गोष्ट समान आहे. कच्चा माल स्वस्त आणि किलोवारी, विक्री मात्र गुणधर्माची. खाऊला स्वच्छता आणि चावण्यातला चिवटपणा, हेडफोनला ताठरपणा, जखमेला निर्जंतुकता आणि पाणी, चामड्याला लवचिकपणा. गुण मोजलेला नसेल तर ती नुसती शिरक्यावरची घाण.

मळी आणि सोनई

आता मळीकडे येऊ. हेस्ट्रिन-श्राम द्रव्यात पेप्टोन आणि यीस्टचा अर्क महाग पडतो, म्हणून जगभर स्वस्त पर्यायांचा शोध चालला आहे: नारळपाणी, अननसाची सालं, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत कॉफीच्या फळाची टरफलं, आणि अर्थात मळी. मळीत सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज आहेत, क्षार आणि जीवनसत्त्वं आहेत. पण तिचा रंग, जळकी द्रव्यं आणि धातूंचे अंश जिवाणूला मानवत नाहीत. म्हणून सल्फ्युरिक आम्ल घालून, तापवून, निवळून घ्यावी लागते. त्यात सुक्रोजही फुटतो, आणि ते फायद्याचंच, कारण पुष्कळ वाणांना सुक्रोज थेट नीट वापरता येत नाही. शिवाय मळी दर हंगामात, दर कारखान्यात वेगळी. साखर जास्त उरलेली बी-हेवी निराळी, शेवटची सी-हेवी निराळी. एकदा जमलेला प्रयोग पुढच्या टाकीच्या मळीवर जमेलच असं नाही.

आणि मळी कुठे रिकामी पडलेली नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली तिचा साठा होतो, आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलने तिला हक्काचं गिऱ्हाईक दिलं. त्या गिऱ्हाइकाचा भरवसा किती, हेही कारखान्यांनी पाहिलं. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधनं आणली, तेव्हा गुंतवणूक करून बसलेल्यांची झोप उडाली. अशा वेळी सभांतून उपपदार्थांची यादी वाचली जाते. जिवाणूचं सेल्युलोज त्या यादीत घालायचं का?

हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटरच्या ट्रेवर सेंटिमीटरभर थर आला तर दहा लिटर ओली चकती होते, म्हणजे कोरडं सेल्युलोज साधारण १०० ग्रॅम. एका किलोला दहा चौरस मीटर ट्रे आणि आठ-दहा दिवस. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यातून दिवसाला दोनशे टन मळी निघते. ती संपवायला हा जिवाणू कधीच पुरणार नाही. मळीचा प्रश्न सेल्युलोजने सुटेल, असं सांगणारा एकतर भोळा आहे किंवा काहीतरी विकतो आहे. हा टनाचा धंदाच नाही. काही शे लिटर मळी, एक स्वच्छ खोली, आणि ग्रॅमवर विकला जाणारा माल, एवढंच त्याचं माप आहे.

पण ह्याच मापामुळे तो सोनईसारख्या गावाच्या आवाक्यात येतो. इथे मुळा एज्युकेशन सोसायटीचं कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे, कृषी महाविद्यालय आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ तासाभरावर. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टला ब्रिक्स, पोल आणि सामू मोजायची रोजची सवय असते, आणि हंगाम संपला की त्याच्या हाताला उसंत मिळते. बीएस्सीच्या मुलाला सडलेल्या चिकूवरून जिवाणू वेगळा करायला, एनसीआयएमच्या वाणाशी त्याची तुलना करायला आणि कॉस्टिकपासून तराजूपर्यंतच्या कसोट्या लावायला मोठ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात धाडता येतात. एकाच वाणाला बी-हेवी, सी-हेवी, काकवी आणि ताजा रस देऊन, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला, प्रत्येकाचा उतारा आणि स्फटिकता नोंदवली, तर ऊस पिकवणाऱ्या कुठल्याही देशाला ती सारणी उपयोगी पडेल. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला असे नमुने मागवावे लागतात, इथे ते सायकलवरून आणता येतात.

तशी सारणी हातात घेऊन कोणी संचालक मंडळापुढे उभा राहिला, तर पहिला प्रश्न उताऱ्याचा येणार आणि उत्तर ऐकून निम्मी बैठक हसणार. लिटरला तीन ग्रॅम! त्याने हसू द्यावं. धंद्याचं भवितव्य दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, आणि तो कोणी विचारला नाही तर त्याने स्वतःच विचारून घ्यावा: हे सेल्युलोजच आहे कशावरून, आणि पुढच्या महिन्यातलंही असंच असेल कशावरून? ह्याचं उत्तर ज्याच्याजवळ कागदावर आहे, त्याचाच ग्रॅम विकला जातो.